ऊद की बेडूक? नोंदवहीत आधी कोणाला जागा द्यायची

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं देतोय ते स्पष्ट राहील. सिद्धेश्वर धरणाच्या खाली पूर्णा नदीच्या काठावर तुमचं गाव आहे. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत तुम्हाला घेतलंय आणि लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवणारी वही, नव्यानं लिहायला घेतलीय. हाताशी आठवी-नववीची पंधरा-वीस मुलं आहेत, पैसे जेमतेम आहेत, म्हणून वर्षभर एकाच प्राण्यावर काम करायचं ठरलंय. भोई मंडळी सांगतात, नदीत ऊद, म्हणजे पाणमांजर, आहे. तुम्ही धोक्यातल्या प्राण्यांची यादी काढून पाहिली तर ऊद 'असुरक्षित' या खालच्या पायरीवर दिसला आणि आंबोलीचा भेक हा बेडूक 'अतिसंकटग्रस्त' या सगळ्यात वरच्या पायरीवर. म्हणून विचारताय, बेडूक जास्त धोक्यात आहे, तर बेडकावरच काम करावं का?

मी गेली २२ वर्षं गोदावरी, पूर्णा, दुधना आणि मांजरेच्या काठानं पायी फिरून प्राण्यांच्या खुणा नोंदवतो. माझं मत विचाराल तर काम बेडकापासूनच सुरू करा. मात्र तुम्ही दिलेलं कारण बरोबर नाही, आणि कारण चुकलं की पुढचं काम चुकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या यादीचं. ती आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची 'लाल यादी'. तिच्यात नाव जायला एकच रस्ता नाही. एक रस्ता घटीचा आहे. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्क्यांहून जास्त घटली तर प्राणी 'असुरक्षित', ५० टक्क्यांहून जास्त घटली तर 'संकटग्रस्त' आणि ८० टक्क्यांच्या पुढे 'अतिसंकटग्रस्त'. दुसरा रस्ता जागेचा. प्राणी जगात जिथं म्हणून सापडतो तो सगळा पट्टाच १०० चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि तोही तुटक होत, बिघडत चालला असेल, तर तो थेट वरच्या पायरीवर जातो.

आपल्याकडचा ऊद, म्हणजे ज्याला शास्त्राच्या पुस्तकात स्मूथ-कोटेड ऑटर म्हणतात तो, इराकच्या दलदलीत आहे, पाकिस्तानात आहे, भारतभर आहे आणि तिकडे सुमात्रा-बोर्निओपर्यंत आहे. एवढा पसरलेला प्राणी जागेच्या रस्त्यानं यादीत येऊच शकत नाही. तो आला घटीच्या रस्त्यानं: सगळीकडे थोडा थोडा कमी होत, एकेका नदीतून गुपचूप नाहीसा होत. आंबोलीच्या भेकाचं उलट आहे. तो सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या आसपासच सापडतो, शास्त्राला त्याची ओळख २००९ साली झाली, आणि तेवढ्या एका डोंगरमाथ्याचं काही बरंवाईट झालं तर जगातून संपला. त्याचा भाऊबंद कोयनेचा भेक, तोही अशाच कारणानं 'संकटग्रस्त' आहे. तेव्हा एकाची घट आणि दुसऱ्याची जागा, ही दोन वेगळी मापं आहेत. गव्हाचं पोतं आणि तेलाचा डबा एका काट्यावर ठेवून कोण भारी ते कळतं, पण घरात काय आधी संपणार ते कळत नाही. तसंच हे.

आणि मुख्य गोष्ट, आंबोलीचा भेक तुमच्या गावात नाही, कधी येणारही नाही. तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे चांगलं साल असलं तर आठशे-नऊशे. तुमच्या शिवारात जे बेडूक आहेत, ते मोठे पिवळे बुलफ्रॉग, ओलीत टुणटुण उड्या मारणारे छोटे बेडूक, जमिनीत पुरून घेणारे गुबगुबीत बेडूक, घराच्या ओट्यावर दिव्याखाली किडे टिपणारे भेक, त्यांतले बहुतेक यादीत 'कमी चिंतेचे' म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे यादी बघून काम ठरवायचं म्हटलं तर तुमच्या गावात ऊदच पहिला येतो. तुमचाच तर्क तुम्हाला उलट्या जागी नेऊन सोडतो.

मग मी बेडूक का म्हणतो? कारण खरा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या हातात नदीचे दीड-दोन किलोमीटर, एखादं गावतळं, दोन-चार ओढे आणि वीस मुलं आहेत. एवढ्यात कोणाचं काय वाचवता येईल आणि ते वाचलं हे तुम्हाला कळेल कसं, हा तो प्रश्न आहे. यादी सगळ्या जगाचा हिशोब ठेवते. ग्रामपंचायतीची नोंदवही शिवाराचा हिशोब ठेवते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती ठेवली ती याचसाठी.

आता उदाबद्दल, कारण लोकांना त्याच्याविषयी कमी माहिती असते. त्याचं वजन साधारण सात ते अकरा किलो, शेपूट मुळाशी जाड आणि टोकाकडे चपटी, बोटांत पडदे. तो एकटा राहत नाही. नर-मादी आणि पिल्लं मिळून कुटुंब हिंडतं, शिकारही पुष्कळदा मिळून करतं. खाणं मुख्यतः मासे. खेकडे, बेडूकही खातो. मादी दोन महिने गाभण राहते आणि एका वेळी दोन ते पाच पिल्लं देते. बीळ काठाच्या मातीत, झाडांच्या मुळांत, दगडांच्या कपारीत. अंग कोरडं करायला, लोळायला वाळू लागते. आता तुमच्या नदीकडे या नजरेनं बघा. बारमाही पाणी हवं, मासे हवेत, न खणलेला काठ हवा, वाळू हवी आणि हे सगळं दोन किलोमीटरपुरतं असून चालत नाही, कारण कुटुंब कित्येक किलोमीटरचा पट्टा वापरतं. मराठवाड्यात यातलं सगळ्यात आधी काय संपतं? मे महिन्यातलं पाणी. त्यानंतर वाळू.

मी पहिल्यांदा उदाची खात्रीची खूण पाहिली ती गोदावरीच्या एका डोहाशी. जागा मुद्दाम लिहीत नाही आणि तुम्हीही कुठं लिहू नका. पाण्यात शिरलेला काळा सपाट दगड होता. त्यावर करडी-काळी ओलसर विष्ठा, एकाच जागी नवी-जुनी मिळून सात-आठ ठिकाणी. काडीनं एक उघडली तर आत निव्वळ माशांचे खवले आणि बारीक काटे, अभ्रकासारखे चमकत होते. वास माशाचा, पण कुजका नव्हे. बाजूच्या चिखलात पाच बोटांचे ठसे. सोबतचे भोईकाका म्हणाले, "ही त्यांची बैठक हाय. इथं सगळे येऊन बसतेत." आमचं शास्त्र जे दहा ओळींत सांगतं, ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. ऊद ठरलेल्या जागी विष्ठा टाकतो आणि त्यातूनच एकमेकांना निरोप देतो. म्हणून प्राणी न दिसताही त्याची हजेरी लागते.

इथं एक सावधगिरी. गावात कोणी 'ऊद पाहिला' म्हटलं की लगेच नोंद करू नका. ऊदमांजर हा निराळा प्राणी आहे, झाडावर आणि घराच्या आढ्यात राहणारा, रात्री फळं-उंदीर खाणारा. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळ नोंदी बिघडलेल्या मी पाहिल्यात. विचारायचं एवढंच: पाण्यात दिसला की आढ्यावर? एकटा की तीन-चार मिळून? तेवढ्यानं बहुतेक वेळा उलगडा होतो. काही जण पाणमांजर म्हणतात, काही पाणकुत्रा. शब्द कुठलाही असो, वर्णन लिहून घ्या.

भोई मंडळींचं उदाशी भांडण आहे, ते दडवू नका. नायलॉनचं जाळं तो फाडतो आणि अडकलेला मासा खाऊन जातो. जाळ्याचे पैसे ज्याला उसने आणावे लागतात त्याला 'प्राणी संरक्षित आहे' हे सांगून काय उपयोग? कधी ऊदच जाळ्यात अडकून बुडतो. २०१९ मध्ये या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस या वन्यजीव व्यापाराच्या जागतिक करारानं सगळ्यात कडक बंदी आणली, ती गरजेचीच होती. पण पूर्णेच्या डोहात जाळं ओढणाऱ्या माणसाशी तुम्हाला वेगळं बोलावं लागेल. माझा अनुभव सांगतो, त्याला आधी ऐका, त्याचं नुकसान लिहून घ्या, मग विचारा की बिळाजवळच्या काठाला हिवाळ्यात, पिल्लं लहान असताना, जाळं लावणं टाळता येईल का. ऐकून घेतलं की पुष्कळ जण तयार होतात.

आता बेडूक. आपल्या मुलखात बेडकाचं सगळं आयुष्य चार महिन्यांत मावतं. उन्हाळाभर तो काळ्या मातीच्या भेगांत, बिळांत, ओलीच्या आडोशाला पडून असतो. मृगाचा किंवा त्यानंतरचा पहिला दणकून पाऊस झाला की त्याच रात्री आवाज सुरू. बुलफ्रॉगचा नर त्या दिवसांत लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. मुलांना एकदा बॅटरीच्या उजेडात ते दाखवा, वर्षभराचं निसर्गशिक्षण त्या एका रात्रीत होतं. मादी हजारो अंडी घालते. पिल्लं, ज्यांना शाळेच्या पुस्तकात भैकेर म्हणतात, पाण्यात वाढून साधारण महिना-दीड महिन्यात पाय फुटून बाहेर पडतात.

म्हणजे बेडकाला पाणी थोडंच लागतं, पण ते नेमक्या वेळी लागतं, उथळ लागतं आणि शक्यतो त्यात मासे नकोत. मराठवाड्यात नेमकं हेच गणित बिघडलंय. जूनमध्ये पाऊस पडतो, अंडी पडतात, मग तीन आठवड्यांचा खंड आणि डबकं आटून पिल्लं मरतात. दुसरं, सोयाबीनवरची तणनाशकं-कीटकनाशकं पहिल्या पावसाबरोबर त्याच डबक्यात उतरतात. बेडूक कातडीतून पाणी घेतो आणि श्वासही घेतो, त्यामुळे आपल्याला जे 'थोडंसं औषध' वाटतं ते त्याच्या थेट अंगात जातं. तिसरं, डासांसाठी म्हणून प्रत्येक पाण्यात गप्पी मासे सोडायची सवय. ते मासे अंडी आणि बारकी पिल्लंही खातात. चौथं, प्लॅस्टिक अस्तराची शेततळी. यावर दोन शब्द जास्त लिहितो, कारण हे तुम्हाला उद्या सकाळी बदलता येतं. अस्तराचा उतार सरळ आणि निसरडा असतो. बेडूक ओलीच्या ओढीनं आत उडी मारतो आणि बाहेर येऊ शकत नाही. एका शेततळ्याच्या कोपऱ्यात मी एका सकाळी ४१ मेलेले बेडूक आणि भेक मोजलेत. शेतकऱ्यानं त्याच दुपारी जुन्या बारदान्याच्या पट्ट्या शिवून चारही बाजूंनी उतारावर सोडल्या, वरचं टोक दगडाखाली दाबलं. पुढच्या फेरीत कोपऱ्यात तीन मेलेले होते. खर्च काही नाही, तास-दीड तास लागला.

जगभरातली स्थितीही गंभीर आहे. २०२३ मध्ये उभयचरांच्या ८,०११ जातींचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ४०.७ टक्के जाती धोक्यात निघाल्या. एवढा मोठा हिस्सा सस्तन प्राण्यांत नाही, पक्ष्यांत नाही. आपल्याकडच्या 'कमी चिंतेच्या' बुलफ्रॉगलाही त्याचा इतिहास आहे. परदेशात त्याच्या तंगड्या पाठवायचा धंदा इतका वाढला होता की १९८७ मध्ये सरकारला निर्यात बंद करावी लागली. माणसानं ठरवून मारलं तर 'भरपूर' असलेला प्राणीही किती लवकर कमी होतो, हे माझ्या वडिलांच्या पिढीनं पाहिलंय.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका गावानं गावतळ्यातला गाळ काढायला घेतला आणि मला विचारलं, कसं करू? माझ्या डोक्यात तेव्हा नदी आणि उन्हाळ्यातलं पाणी होतं. मी म्हटलं, खोल करा, काठ सरळ उभे घ्या, पाणी जास्त दिवस टिकेल. पाणी टिकलं. मत्स्यबीज सोडलं गेलं. आणि ज्या काठावर जूनमध्ये शंभराच्या वर नर ओरडायचे तिथं पुढची दोन वर्षं शुकशुकाट होता. उथळ, गवताळ कड मीच घालवली होती. तिसऱ्या वर्षी आम्ही पूर्वेकडची बाजू जेसीबीनं पुन्हा उताराची करून घेतली, आणि बांधाच्या बाहेर गुडघाभर खोलीचे दोन खड्डे ठेवले, ज्यात मासे जाणार नाहीत. चौथ्या पावसाळ्यात आवाज परत आला. पूर्वीइतका नाही, पण आला.

त्या चुकीतून मला कळलं की उदाला जे पाणी हवं आणि बेडकाला जे पाणी हवं ते एक नव्हे. उदाला खोल, बारमाही, मासळीचं पाणी. बेडकाला उथळ, हंगामी, बिनमाशाचं. 'पाणी अडवा' एवढंच म्हणून दोघांचं भलं होत नाही. ओढा सरळ रेषेत खोल केला की डोह मिळत नाही आणि उथळ कडही जाते, म्हणजे दोघांचंही नुकसान. नदीचा जुना डोह तसाच राखला आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना पाणी पसरायला जागा ठेवली, तर दोघं आपापल्या घरात राहतात.

माझ्या सल्ल्यात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमच्या हद्दीत मे महिन्यात एकही डोह जिवंत राहत नसेल, तर ऊद तुमच्याकडे फक्त पाहुणा आहे. तेव्हा त्याच्यासाठी एकट्या गावानं काही करता येणार नाही, वरच्या-खालच्या चार गावांनी मिळूनच ते होईल. धरणातून उन्हाळी आवर्तन सुटत असेल आणि डोह भरत असेल, तर चित्र बदलतं. गावतळं मासेमारीच्या ठेक्यावर दिलेलं असेल तर त्यात बेडकासाठी हट्ट करू नका, बाहेर वेगळे खड्डे करा. आणि वाळूउपसा जोरात चालू असेल तर मुलांना त्या भानगडीत पाठवू नका. तो विषय मोठ्या माणसांनी ग्रामसभेत ठरावानं मांडायचा.

तरी मी बेडूक आधी म्हणतो ते वेळेच्या हिशोबानं. बेडकाचं काम तुम्हाला दोन-तीन पावसाळ्यांत दिसेल. हजारांनी अंडी घालणारा प्राणी जागा दुरुस्त झाली की झपाट्यानं भरून निघतो. उदाचं कुटुंब परत यायला कदाचित मुलं कॉलेजात जातील. शाळेचं काम टिकतं ते फळ दिसल्यावर. बेडकाच्या निमित्तानं मुलं ओढ्यावर, तळ्यावर, नदीकाठी जायला लागतील, आणि नदीवर जाणाऱ्या वीस जोड डोळ्यांना उदाची बैठक सापडेलच. उलट दिशेनं सुरू केलं तर वर्षभर नदीवर जाऊन ऊद दिसला नाही म्हणून मुलं हिरमुसतात. हे दोन शाळांत झालेलं मी पाहिलंय.

काम असं करा. तीन जागा ठरवा: गावतळं, ओढ्याची एक जागा, एक शेततळं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री, पालकांना सोबत घेऊन, प्रत्येक जागी दहा मिनिटं गप्प उभं राहून ऐका. मोबाईलवर आवाज घ्या. तारीख, वेळ, त्या दिवसाचा पाऊस किती मिलिमीटर, किती प्रकारचे आवाज, साधारण किती नर, एवढंच लिहा. जात नाही ओळखली तर 'आवाज क्रमांक २' लिहा, जात नंतर ठरवता येते. मग दर आठ दिवसांनी दिवसा जाऊन अंडी, पिल्लं, पाण्याची खोली काठीनं मोजा. हाताळू नका. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना चपला-बूट धुऊन वाळवा, कारण बेडकांना मारणारी एक बुरशी चिखलाबरोबर पसरते. बेडूक पकडून बाटलीत आणणं नाही. पाऊस यावा म्हणून धोंडी काढताना मुसळाला बेडूक बांधायची प्रथा तुमच्याकडे असेल तर आजीबाईंशी प्रेमानं बोला. कडुनिंबाचा पाला आणि पाणी तसंच राहू द्या, बेडूक मातीचा करा. आमच्या एका गावात कुंभारानं हौसेनं करून दिला आणि सगळ्यांना आवडला.

उदासाठी वर्षातून फक्त दोन फेऱ्या, मार्चमध्ये आणि मेमध्ये, सूर्य उगवायच्या आत, भोईकाकांना सोबत घेऊन. दगड, वाळूची जीभ, ओढा नदीला मिळतो ती जागा बघा. विष्ठा, ठसे, फोटोत शेजारी पट्टी ठेवा. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावायचा विचार असेल तर आधी वनविभागाची परवानगी. जागेचा नकाशा समितीच्या बंद पाकिटात राहू द्या, व्हॉट्सअॅपवर टाकू नका. आणि मेच्या फेरीत प्रत्येक डोहाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून ठेवा, ऊद दिसो न दिसो. चार-पाच वर्षांची ती मोजणी ग्रामसभेत आणि पाटबंधारे कार्यालयात तुमच्या भाषणापेक्षा जास्त बोलेल.

आता जून जवळ आलाय. बारदान्याच्या पट्ट्या याच आठवड्यात शिवून घ्या, पावसात सुई-दोरा घेऊन कोणी बसत नाही. आणि पहिल्या रात्रीचे आवाज मिळाले की मला ऐकवा, जाती ओळखायला मी बसतो तुमच्यासोबत.